डेबियन १३ केल्यापासून ग्रंथसूचीची शोध-स्क्रिप्ट बंद, ५०० एरर

सूरसागरकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची घरच्याच सर्व्हरवर ठेवली आहे. जुना डेस्कटॉप, ४ जीबी रॅम, डेबियन लिनक्स आणि अपाचे वेबसर्व्हर. साडेतीन हजारांच्या आसपास पुस्तकं, मराठी जास्त, गुजराती थोडी. शोधासाठी शोध.पाय ही पायथनची सीजीआय स्क्रिप्ट आहे (पान मागितलं की वेबसर्व्हर चालवतो ती), माहिती एसक्यूलाइट या एका फाइलीतल्या डेटाबेसमध्ये. रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारा) दुसरी स्क्रिप्ट चालते, ती सीएसव्हीवरून सूची नव्याने बांधते.

डेबियन १२ वरून १३ केलं. मुखपृष्ठ नीट उघडतं, पण शोधाचं बटण दाबलं की '५०० इंटर्नल सर्व्हर एरर'. स्क्रिप्टमध्ये एक अक्षर बदललेलं नाही. अपाचे रीस्टार्ट झाला, शोध.पायला ७७७ परवानगी (सगळ्यांना सगळं) देऊन झाली. फरक शून्य. सुरुवात कुठून करावी?

(मंचाच्या नियमाप्रमाणे कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत. टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.)

रावपुऱ्याचा_रूट

आधी ते ७७७ काढा, ७५५ करा. परवानगीचा प्रश्न असता तर लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड' दिसलं असतं. शिवाय कुणी सुएक्झेक (स्क्रिप्ट वेगळ्या युजरच्या नावाने चालवण्याची अपाचेची सोय) वापरत असेल तर गटाला किंवा इतरांना लिहिता येणारी फाइल तो चालवायलाच नकार देतो, म्हणजे ७७७ने चालू असलेली स्क्रिप्टही बंद पडते.

ब्राउझरमधल्या ५००चा अर्थ एवढाच की अपाचेने स्क्रिप्ट चालवायला घेतली आणि तिच्याकडून धड उत्तर आलं नाही. कारण ब्राउझरमध्ये कधीच दिसत नाही, ते एररलॉगमध्ये असतं. एका खिडकीत हे चालू ठेवा:

सुडो टेल -एफ /व्हार/लॉग/अपाचे२/एरर.लॉग

दुसऱ्या खिडकीत शोधाचं बटण दाबा आणि त्या क्षणी पडलेल्या सगळ्या ओळी इथे चिकटवा. फक्त शेवटची नको. शेवटची बहुतेक 'एंड ऑफ स्क्रिप्ट आउटपुट बिफोर हेडर्स' अशी असेल, आणि त्या ओळीतून काहीच कळत नाही. कामाची ओळ तिच्या वर असते.

मांजलपूर४०४

लॉगच्या जोडीला हेही करून बघा. अपाचे ज्या नावाने स्क्रिप्ट चालवतो त्याच नावाने, रिकाम्या वातावरणात, हाताने चालवा:

सुडो -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा एन्व्ह -आय रिक्वेस्ट_मेथड=गेट क्वेरी_स्ट्रिंग='प्रश्न=गीता' /यूएसआर/लिब/सीजीआय-बिन/शोध.पाय

रिक्वेस्ट_मेथड आणि क्वेरी_स्ट्रिंग कॅपिटलमध्ये. तुमच्या स्वतःच्या लॉगिनमधून 'पायथन३ शोध.पाय' म्हणून चालवलं तर निम्मे दोष झाकले जातात: परवानगी तुमची, पाथ तुमचा, आणि शिबँगची पहिली ओळ (कोणत्या प्रोग्रॅमने चालवायचं ते सांगणारी) वाचलीच जात नाही.

सूरसागरकाठ

दोन्हीकडे एकच निघालं. लॉगमधून:

एएच०१२१५: ... फाइल "/यूएसआर/लिब/सीजीआय-बिन/शोध.पाय", लाइन ३, इन <मॉड्यूल>
एएच०१२१५: ... इम्पोर्ट सीजीआय
एएच०१२१५: ... मॉड्यूलनॉटफाउंडएरर: नो मॉड्यूल नेम्ड 'सीजीआय'
एंड ऑफ स्क्रिप्ट आउटपुट बिफोर हेडर्स: शोध.पाय

सीजीआय मॉड्यूल तर पायथनबरोबरच येतं ना? अपाचेत सीजीआय चालू आहे, ए२एनमॉड (मॉड्यूल चालू करणारी कमांड) पुन्हा करून पाहिलं.

रावपुऱ्याचा_रूट

सापडलं. अपाचेचं सीजीआय वेगळं, पायथनमधलं 'सीजीआय' नावाचं मॉड्यूल वेगळं. अपाचे आपलं काम चोख करतोय. एएच०१२१५ म्हणजे स्क्रिप्टने स्टडएररवर (एररच्या प्रवाहात) जे फेकलं ते त्याने जसंच्या तसं लॉगमध्ये उतरवलं.

पायथनमधलं सीजीआय मॉड्यूल ३.१३ मध्ये काढून टाकलं. पेप ५९४ नावाचा प्रस्ताव होता, वापरात नसलेली जुनी मॉड्यूलं बाहेर काढण्याचा. ३.११ मध्ये त्याला 'कालबाह्य' शिक्का बसला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ मधून ते गेलं. डेबियन १२ मध्ये पायथन ३.११ होता, डेबियन १३ मध्ये थेट ३.१३ आहे. म्हणून तुमच्या दृष्टीने ते एका रात्रीत नाहीसं झालं. सीजीआयटीबी, क्रिप्ट, टेलनेटलिब हेही त्याच वेळी गेले, बाकी स्क्रिप्टमध्ये कुठे आहेत का ते ग्रेप करून घ्या.

खरं तर इशारा येत होता. ३.११ वर ही स्क्रिप्ट चालली की प्रत्येक शोधागणिक 'डेप्रिकेशनवॉर्निंग: सीजीआय इज डेप्रिकेटेड अँड स्लेटेड फॉर रिमूव्हल इन पायथन ३.१३' अशी ओळ एररलॉगमध्ये पडते. डेबियनचं लॉगरोटेट अपाचेचे १४ दिवसांचे लॉग ठेवतं, जुन्या जीझेड फाइलींवर झेडग्रेप मारलंत तर अजून सापडेल.

मार्ग दोन. घाईचा, डेबियनच्या स्वतःच्या पॅकेज-साधनातून: सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल पायथन३-लेगसी-सीजीआय. जुनं मॉड्यूल त्याच नावाने परत येतं, स्क्रिप्टला हात लावावा लागत नाही. टिकाऊ: मॉड्यूलच काढून टाकायचं. एका खोक्याच्या शोधासाठी त्याची गरजही नाही.

फतेगंज_फोर्क

पिप (पायथनचं पॅकेज-साधन) वापरून पिप इन्स्टॉल लेगसी-सीजीआय केलं तरी चालेल ना? आणि 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायरन्मेंट' म्हणून अडलं तर --ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस लावायचं.

जुना_टर्मिनल

नका लावू. त्या पर्यायाच्या नावातच काय होणार ते लिहून ठेवलंय. डेबियन १२ पासून पिप सिस्टिमच्या पायथनमध्ये काही टाकू देत नाही (पेप ६६८), कारण अ‍ॅप्टने टाकलेल्या पॅकेजवर पिपने दुसरी आवृत्ती चढवली की अ‍ॅप्टला त्याचा पत्ता नसतो. सुडोने केलेलं पिपचं सामान /यूएसआर/लोकल खाली बसतं आणि तिथलं आधी वाचलं जातं. मग सहा महिन्यांनी भलतंच काहीतरी मोडतं आणि कारण शोधताना नाकी नऊ येतात. अ‍ॅप्टमध्ये असेल तर अ‍ॅप्टमधून, नसेल तर व्हेन्व्ह (पायथनच्या पॅकेजांचं वेगळं, स्वतःपुरतं फोल्डर). तिसरी वाट नाही.

मांजलपूर४०४

सहमत. आणि टिकाऊ मार्ग अवघड अजिबात नाही. शोध.पायमध्ये सीजीआयचा वापर बहुधा दोन-तीन ओळींतच असेल. 'फॉर्म = सीजीआय.फील्डस्टोरेज()' आणि 'शब्द = फॉर्म.गेटव्हॅल्यू("प्रश्न")'. त्यांच्या जागी:

इम्पोर्ट ओएस, एचटीएमएल
फ्रॉम यूआरएललिब.पार्स इम्पोर्ट पार्स_क्यूएस
क्यूएस = पार्स_क्यूएस(ओएस.एन्व्हायरन.गेट('क्वेरी_स्ट्रिंग', ''))
शब्द = क्यूएस.गेट('प्रश्न', [''])[०].स्ट्रिप()

चौथ्या ओळीतला [०] विसरू नका. फील्डस्टोरेजचं गेटव्हॅल्यू एकच मूल्य असेल तर सरळ मजकूर देतं, पार्स_क्यूएस मात्र नेहमी यादी देतं. [०] राहिला तर स्ट्रिपवर एरर येते, आणि स्ट्रिपही वगळलं तर एरर येईलच असं नाही. मजकुरात घालून एसक्यूएलच्या लाइकला (मजकूर जुळवणारी अट) दिलं तर शोध 'गीता' ऐवजी "['गीता']" चा होतो आणि पानावर नुसतं शून्य पुस्तकं.

दुसरं: रिकामं खोकं पाठवलं की पार्स_क्यूएस ती किल्लीच गाळतं. म्हणून गेट आणि त्यातलं [''] दोन्ही लागतात. कीप_ब्लँक_व्हॅल्यूज=ट्रू दिलं तर किल्ली राहते, इथे गरज नाही.

तिसरं: फॉर्मची मेथड पोस्ट असेल तर क्वेरी_स्ट्रिंग रिकामी असते. मग कन्टेन्ट_लेंग्थ इतके बाइट सिस.स्टडइन.बफरमधून वाचून, डीकोड करून पार्स_क्यूएसला द्यायचे. पण शोधासाठी गेटच ठेवा, निकालाची लिंक वाचकाला पाठवता येते. फाइल अपलोड असेल तर मात्र हा उपाय पुरत नाही, तिथे लेगसी-सीजीआय घ्या.

शब्द पानावर परत छापताना एचटीएमएल.एस्केप(शब्द). सीजीआय.एस्केप तर ३.८ मध्येच गेलं. आणि एसक्यूएलमध्ये शब्द जोडून वाक्य बनवू नका, प्रश्नचिन्ह ठेवून मूल्य वेगळं द्या. 'ओ'नील' शोधला तरी कोसळणार नाही, आणि खोडसाळ माणसालाही काही करता येणार नाही.

सूरसागरकाठ

ताई, बदल केले, [०] सकट. फाइल विंडोजच्या लॅपटॉपवर दुरुस्त करून परत चढवली. अजून ५००, पण लॉगमध्ये आता वेगळंच:

/यूएसआर/बिन/एन्व्ह: 'पायथन३\आर': नो सच फाइल ऑर डिरेक्टरी

रावपुऱ्याचा_रूट

विंडोजच्या ओळींचा शेवट. तिथे ओळ सीआर आणि एलएफ या दोन चिन्हांनी संपते, लिनक्सवर नुसत्या एलएफने. त्यामुळे पहिल्या ओळीतल्या पायथन३ला सीआर चिकटला आणि एन्व्ह त्या नावाचा प्रोग्रॅम शोधत बसला. डॉस२युनिक्स शोध.पाय, किंवा सेड -आय 'एस/\आर$//' शोध.पाय. नोटपॅड++ असेल तर एडिट मेनूत ईओएल कन्व्हर्जन, युनिक्स निवडा म्हणजे दर वेळी हे करायला नको.

त्याच लॅपटॉपवरून फाइल 'यूटीएफ-८ विथ बॉम' म्हणून साठवली गेली तर पुढची एरर 'एक्झेक फॉरमॅट एरर' असेल. कर्नलला फाइलचे पहिले दोन बाइट हॅश आणि उद्गारचिन्ह हवे असतात, बॉमचे (फाइलच्या सुरुवातीची अदृश्य खूण) तीन बाइट त्याच्या आधी घुसतात.

सूरसागरकाठ

५०० गेली! शोध चालतोय. पण दोन गोष्टी राहिल्यात. अपग्रेडनंतर सीएसव्हीत भरलेली पुस्तकं शोधात येत नाहीत, म्हणजे रात्रीचं काम होत नसावं. हाताने चालवलं तर होतं. आणि काही शब्द असूनही सापडत नाहीत, 'ॲ'ने सुरू होणारे खास करून. हे दुसरं आधीपासून असावं, आत्ता लक्षात आलं.

जुना_टर्मिनल

रात्रीची क्रॉनची ओळ इथे द्या. आणि हाताने चालवता म्हणजे नक्की कसं, तेही.

सूरसागरकाठ

काका, ओळ अशी, रूटच्या क्रॉनटॅबमध्ये:

३० २ * * * /ऑप्ट/सूची/व्हेन्व्ह/बिन/पायथन /ऑप्ट/सूची/बांध.पाय

हाताने: सुडो पायथन३ /ऑप्ट/सूची/बांध.पाय

जुना_टर्मिनल

मग दोन्ही वेगळे पायथन आहेत. हाताने तुम्ही सिस्टिमचा चालवता, क्रॉन व्हेन्व्हमधला. सिस्टिममध्ये लागणारी पॅकेजं अ‍ॅप्टने आलेली असणार म्हणून तिथे चालतं.

व्हेन्व्ह असा मोडतो बघा. व्हेन्व्ह/बिन/पायथन ही खरी फाइल नसते, /यूएसआर/बिन/पायथन३ कडे बोट दाखवणारी सिमलिंक असते. अपग्रेडनंतर ते बोट आपोआप ३.१३ कडे वळलं. पॅकेजं मात्र व्हेन्व्ह/लिब/पायथन३.११/साइट-पॅकेजेस या फोल्डरात पडून आहेत, आणि ३.१३ फक्त लिब/पायथन३.१३ मध्ये बघतो. त्या फोल्डरात काहीच नाही. पिपसुद्धा ३.११ च्याच फोल्डरात, म्हणून 'नो मॉड्यूल नेम्ड पिप' असंही येईल.

व्हेन्व्ह दुरुस्त करत बसायचा नसतो, पाडून नवा बांधायचा. रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी ठेवली असेल तर उत्तम. नसेल तर पाडण्याआधी लिब/पायथन३.११/साइट-पॅकेजेसमध्ये 'डिस्ट-इन्फो'ने संपणाऱ्या फोल्डरांची यादी काढा, पॅकेजचं नाव आणि आवृत्ती त्या नावातच असते. मग:

सुडो आरएम -आर /ऑप्ट/सूची/व्हेन्व्ह
सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल पायथन३-व्हेन्व्ह
सुडो पायथन३ -एम व्हेन्व्ह /ऑप्ट/सूची/व्हेन्व्ह
सुडो /ऑप्ट/सूची/व्हेन्व्ह/बिन/पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

हे इतके दिवस कळलं का नाही, तर क्रॉन आपलं आउटपुट मेलने पाठवतो आणि घरच्या मशीनवर मेल सर्व्हर नसतो. जर्नलसीटीएल -यू क्रॉन बघा, 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट' सापडेल. एरर येत होती आणि क्रॉन ती केरात टाकत होता. ओळीच्या शेवटी >> /व्हार/लॉग/सूची.लॉग २>&१ जोडा.

फतेगंज_फोर्क

क्रॉनच्या आणखी खोड्या, कुणाला लागल्या तर. पाथ मूळचा फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन. शेल /बिन/एसएच, म्हणजे डेबियनवर डॅश. बॅशचे दुहेरी चौकोनी कंस तिथे चालत नाहीत. क्रॉनटॅबमध्ये टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ, म्हणून डेटचा फॉरमॅट देताना प्रत्येक टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ. आणि /ईटीसी/क्रॉन.डेलीमध्ये टाकलेल्या फाइलच्या नावात टिंब असेल तर ती चालतच नाही, एररही नाही. बॅकअप.एसएच नको, नुसतं बॅकअप.

मांजलपूर४०४

बांध.पाय नवी सूची तयार करून ठेवते कुठे? आधी /टीएमपीमध्ये बांधून मग /एसआरव्हीमध्ये हलवत असेल तर डेबियन १३ मध्ये तिथे आणखी एक गंमत आहे.

सूरसागरकाठ

हो, तसंच आहे. /टीएमपी/सूची.डीबी बांधते, शटिल.मूव्हने /एसआरव्ही/ग्रंथ/सूची.डीबी वर हलवते. आधी कधी त्रास नव्हता.

मांजलपूर४०४

आधी नव्हता कारण /टीएमपी आणि /एसआरव्ही एकाच डिस्कच्या एकाच विभाजनावर होते. एका फाइलसिस्टिमच्या आत हलवणं म्हणजे नुसतं नाव बदलणं. ते एका झटक्यात होतं, वाचणाऱ्याला एक तर जुनी फाइल मिळते नाही तर नवी. डेबियन १३ मध्ये /टीएमपी मुळातच टीएमपीएफएस आहे, म्हणजे रॅममध्ये, मर्यादा रॅमच्या निम्मी. तुमच्याकडे २ जीबी. आता /टीएमपीतून /एसआरव्हीत हलवणं म्हणजे बाइट बाइट नकल करून मूळ पुसणं. नकल चालू असताना कुणी शोध घेतला तर अर्धवट डेटाबेस उघडतो आणि 'डेटाबेस डिस्क इमेज इज मॅलफॉर्म्ड' येतं. पहाटे अडीचला कोण शोधणार म्हणा, पण शोधयंत्रांचे बॉट तेव्हाही फिरतात.

उपाय सोपा. तात्पुरती फाइल त्याच फोल्डरात बांधा, /एसआरव्ही/ग्रंथ/सूची.नवी, कनेक्शन बंद करा आणि ओएस.रिप्लेसने नाव बदला. त्याआधी ओएस.चमॉडने ६४४ करा. रूटचा उमास्क (नव्या फाइलींची परवानगी ठरवणारी सेटिंग) कडक असेल तर नवी फाइल ६४० होते, अपाचेला वाचता येत नाही आणि 'अनेबल टू ओपन डेटाबेस फाइल' येतं. अशा वेळी नेमआय -एल /एसआरव्ही/ग्रंथ/सूची.डीबी चालवलं की वाटेतल्या प्रत्येक फोल्डरची परवानगी एकाखाली एक दिसते.

आणि स्क्रिप्टमधून कधी लिहायचं असेल, समजा 'पुस्तक कोणी नेलं' याची नोंद, तर नुसती फाइल लिहिण्याजोगी असून भागत नाही. एसक्यूलाइट शेजारी जर्नल फाइल बनवतं, म्हणून फोल्डरही डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला लिहिण्याजोगं लागतं. तो डेटा वेगळ्या फाइलीत ठेवा, सूचीची फाइल रोज बदलली जाते.

मात्रावेलांटी

'ॲ'च्या प्रश्नावर मी येतो. हा दोष सर्व्हरचा नाही. मराठीत दिसायला एकच असलेली अक्षरं कोडांत निरनिराळी लिहिता येतात, आणि संगणक कोडच जुळवतो.

'ॲ' घ्या. एक रूप यू+०९७२, स्वतंत्र अक्षर, युनिकोड ५.१ मध्ये आलेलं. दुसरं अ (०९०५) आणि त्यावर चंद्र (०९४५). तिसरं, या दोघांच्या मध्ये झेडडब्ल्यूजे (२००डी, न दिसणारं जोडचिन्ह) घुसवलेलं, कारण जुन्या फॉन्टांत त्याशिवाय चंद्र अवर बसत नसे. चौथं ऍ (०९०डी), हिंदी कीबोर्डवरून येणारं. पहिली तीन वाचकाला सारखीच दिसतात, चौथं 'ए'वर चंद्र असं दिसतं, तरी वाचतात तेच. युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ('एनएफसी') (समतुल्य रूपं एक करणारं) लावलं तरी ही एक होत नाहीत, कारण युनिकोड त्यांना समतुल्य मानत नाही. रिप्लेसच्या ओळी आपणच लिहाव्या लागतात.

खरी मेख 'र'ची. 'दऱ्या' दोन तऱ्हांनी लिहितात: ऱ (०९३१) + हलन्त + य, किंवा साधा र (०९३०) + हलन्त + झेडडब्ल्यूजे + य. बरेच जण सफाई म्हणून सगळे झेडडब्ल्यूजे आधी उडवून टाकतात. मग दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेल्या दऱ्यांचा 'दर्या' होतो, डोंगरातून थेट समुद्रात. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांचीही तीच गत. म्हणून क्रम असा ठेवा:

१. एनएफसी. यात र + नुक्ता (०९३सी) असेल तर त्याचा ऱ होतो.
२. र + हलन्त + झेडडब्ल्यूजे या तिकडीचं ऱ + हलन्त करा.
३. त्यानंतरच उरलेले झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे (२००सी) काढा.
४. आता अ + चंद्र आणि ऍ, दोन्हींचं ॲ करा. तिसरी पायरी आधी झाल्यामुळे मधला झेडडब्ल्यूजे अडत नाही.

हे एक फंक्शन करून वेगळ्या फाइलीत ठेवा आणि बांध.पाय व शोध.पाय दोन्हींत तेच वापरा. एकाच बाजूला लावलं तर आज सापडतात ती पुस्तकंही सापडेनाशी होतील. मूळ शीर्षक तसंच ठेवून शोधासाठी वेगळा कॉलम भरा. पानावर पुस्तकाचं नाव जसं छापलंय तसंच दिसलं पाहिजे.



रावपुऱ्याचा_रूट

वाखुसा (वाचनखूण साठवली). शोध लाइकने आहे की एफटीएस५ने (एसक्यूलाइटचा शब्दवार शोध)? एफटीएस५ असेल तर टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) नक्की तपासा. त्यातला युनिकोड६१ मुळात अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग समजतो, मात्रा आणि हलन्त त्याच्या लेखी शब्द तोडणारी चिन्हं. 'किताब'चे क, त, ब असे तुकडे होतात आणि भलतीच पुस्तकं निकालात येतात. टेबल बनवताना टोकनाइझमध्ये कॅटेगरीज 'एल* एन* सीओ एमएन एमसी' द्यायच्या, म्हणजे मात्रा शब्दातच राहतात. ही सोय एसक्यूलाइट ३.२५ पासून आहे.

सूरसागरकाठ

साधा लाइकच आहे. एवढ्या पुस्तकांना पुरतो. गुजराती पुस्तकं मराठी कीबोर्डवरून शोधायची काही सोय?

मात्रावेलांटी

आहे, आणि फार स्वस्तात. युनिकोडमध्ये देवनागरीचा गट ०९०० पासून, गुजरातीचा ०ए८० पासून, आणि दोन्ही जुन्या इस्कीच्या (भारतीय लिप्यांचं युनिकोडआधीचं मानक) आराखड्यावर बसवलेले. त्यामुळे गुजराती अक्षराच्या कोडातून ३८४ वजा केले की तेच देवनागरी अक्षर येतं. क, ळ, मात्रा, अंक, सगळं. गुजराती गटातलं रुपयाचं चिन्ह (०एएफ१) तेवढं वगळा, त्याच्या समोर देवनागरीत भलतं चिन्ह आहे. वरच्या फंक्शनची पहिली पायरी म्हणून हे करा, म्हणजे गुजरातीतला चंद्र-ए ऍ होऊन पुढे चौथ्या पायरीत आपोआप ॲ होतो. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक मात्र राहणारच; गुजराती लेखनात जिथे वेगळी वेलांटी आहे तिथे वाचकाला तशीच द्यावी लागेल.

जुना_टर्मिनल

सीएसव्हीचं एक. एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून साठवली तर सुरुवातीला बॉम येतो आणि पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटतो. 'क्रमांक' कॉलम असूनही कीएरर. उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या, बॉम असो नसो दोन्ही चालतं.

अवांतर: वर्गांकाचा कॉलम मजकूर म्हणूनच ठेवा, आकडा करू नका. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोलावलेल्या बोर्डनने बडोद्याच्या ग्रंथालयांसाठी कटर आणि ड्यूई या वर्गीकरण-पद्धतींचा मेळ घालून स्वतंत्र वर्गीकरण केलं होतं. जुन्या पुस्तकांच्या पाठीवर अक्षरवाले वर्गांक असतील तर आकड्याच्या कॉलमात त्यांचा चुराडा होतो. नुसत्या ड्यूईच्या ०२० चाही २० होतो.

फतेगंज_फोर्क

मराठी अक्षरं अपाचेखाली बिघडू नयेत म्हणून लँग=सी बदलायला नको का? /ईटीसी/अपाचे२/एन्व्हव्हार्समध्ये तेच असतं.

मांजलपूर४०४

पायथन ३.७ पासून गरज नाही. लोकेल सी असला तर तो स्वतःच यूटीएफ-८ धरतो. हेडरमध्ये 'कन्टेन्ट-टाइप: टेक्स्ट/एचटीएमएल; चारसेट=यूटीएफ-८' आणि त्यानंतर एक रिकामी ओळ, एवढं पुरे. ती रिकामी ओळ राहिली तर मात्र परत ५००.

सूरसागरकाठ

व्हेन्व्ह नवा बांधला, सूची आता /एसआरव्हीतच तयार होऊन नाव बदलते, लॉगची ओळ जोडली. फंक्शन दोन्हीकडे लावलं. 'ॲ'वाली पुस्तकं चारही रूपांत सापडतात, 'दऱ्या' आणि 'दर्या' वेगळे राहतात, गुजराती शीर्षकंही मराठीतून येतात. लेगसी-सीजीआय घातलंच नाही. ताई, काका, रूटभाऊ, मात्रावेलांटी, आभार.

फक्त घराबाहेरून पान उघडत नाही, घरच्या वायफायवर उघडतं.

रावपुऱ्याचा_रूट

राउटरच्या पानावर वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे (सेवादाता एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटतो ते) आहात, पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केलंत तरी बाहेरून कुणी पोचणार नाही. मग सेवादात्याकडून पब्लिक आयपी घ्या किंवा आयपीव्ही६ मिळतंय का बघा. वॅन आयपी सार्वजनिक असेल तर नवा धागा काढा, राउटरचं मॉडेल आणि ८० व ४४३ च्या नोंदी त्यात टाका.

फतेगंज_फोर्क

आणि बॅकअपची क्रॉन ओळही चिकटवा त्याच धाग्यात. सूचीची ओळ आवाज न करता बंद होती, तर तिच्या शेजारची चालू असेलच असं नाही.